ओठ उचलून बघा

अकरा महिन्यांचं बाळ घेऊन आई आणि आजी दवाखान्यात येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा आजीचाच असतो. "डॉक्टर, वरचे दात आधी आलेत. मामाला जड म्हणतात, खरं का हो?" मामाला काहीही होत नाही. बहुतेक बाळांना सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे दोन दात आधी येतात, काहींना वरचे. पण त्या काळजीपोटी का होईना, बाळ वेळेवर आलेलं असतं आणि मला त्याचा फार आनंद होतो.

वेळेवर म्हणजे पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत. प्रत्यक्षात बरीच मुलं येतात ती तीन-चार वर्षांची झाल्यावर, गाल सुजलेला आणि रात्रभर झोप नाही अशा अवस्थेत. डाग घरात कुणाला तरी आधीच दिसलेला असतो. "दुधाचेच दात, पडणारच आहेत" म्हणून सोडून दिलेला असतो. पडणार हे खरं, पण कधी? दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. मूल त्यांनीच चावतं, पुढच्या पक्क्या दातांची जागा त्याच राखून ठेवतात. दुधाच्या दातांचं वरचं कवच पक्क्या दातांच्या जवळजवळ निम्म्या जाडीचं असतं, म्हणून कीड भराभर आत उतरते.

पहिल्या भेटीत बाळाला मोठ्या खुर्चीवर झोपवत नाहीत. आई आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. बाळ आईच्या मांडीवर, तिच्याकडे तोंड करून, दोन्ही पाय तिच्या कमरेभोवती. मग त्याला अलगद मागे झुकवायचं, की डोकं डॉक्टरच्या मांडीवर येतं. हात आईच्या हातात, डोळ्यांसमोर आईचा चेहरा. बाळ रडतं बहुतेक. रडू द्यावं, तोंड छान उघडतं. डॉक्टर बोटाने वरचा ओठ उचलतात आणि हिरडीच्या कडेशी खडूने ओढल्यासारखी पांढरी, निस्तेज रेघ आहे का ते बघतात. दोन-तीन मिनिटांचं काम.

ती रेघ ही किडीची पहिली खूण. अजून खड्डा पडलेला नसतो. फ्लोराइडचा लेप आणि घरच्या सवयींत बदल, एवढ्यावर ती तिथेच थांबू शकते. तीच रेघ पुढे पिवळी, मग तपकिरी होते आणि दात कडेने तुटायला लागतो.

वरच्याच दातांवर का? खालच्या दातांना जीभ झाकते, लाळ धूत राहते. वरच्या दातांना हे संरक्षण मिळत नाही, आणि झोपेत लाळही कमी सुटते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळ झोपलं, की गोड दूध त्या दातांवर तसंच राहतं. चोखणीला मध लावणं तर दातांइतकंच जिवालाही धोक्याचं. वर्षाच्या आत मध मुळीच देऊ नये.

डॉक्टर आईलाही तोंड उघडायला सांगतात, तेव्हा ती चकित होते. किडीचे जंतू बाळ जन्माला येताना घेऊन येत नाही. खिमट गरम आहे का बघायला चमचा आपल्या तोंडात आणि तोच पुढे बाळाच्या तोंडात, असे ते पोचतात. यात दोष कुणाचा नाही, पण आईची किडकी दाढ भरून घेणं हा बाळावरचाच उपचार असतो.

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कुटुंबांना पिण्याचं पाणी कुठलं, हेही विचारावं लागतं. तिकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, आणि त्याने पुढे पक्क्या दातांवर डाग पडतात.

निघताना ब्रशची गोष्ट निघते. पहिला दात आला की मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, फ्लोराइडच्या पेस्टने. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट बघितलेल्यांना हे पटत नाही, म्हणून माझ्या टेबलावर एका वाटीत खरे तांदूळ ठेवलेले असतात. आजी त्यातला एक दाणा चिमटीत धरते, ब्रशवर ठेवून बघते आणि विचारते, "एवढीशीच?"

एवढीशीच.