ओरखडा किती खोल आहे, ते आधी पाहा

गेल्या मार्चमध्ये आमच्या वस्तीतल्या एका मुलाची सायकल आमच्या गाडीला घासली. गाडी म्हणजे हप्त्यावर घेतलेली जुनी पांढरी वॅगन आर. मागच्या डाव्या दारावर हातभर लांब, काळपट ओरखडा उठला. मुलगा पळून गेला नाही. घरी गेला आणि आईला घेऊन आला. ताई चार घरची धुणीभांडी करतात. त्यांनी एवढेच विचारले, "भाऊ, किती लागन ते सांगा. दोन महिन्यात देऊन टाकीन."

आम्ही "राहू द्या" म्हणालो, पण त्या ऐकेनात. कुणाची मेहेरबानी त्यांना नको होती आणि त्यांचे बरोबरच होते. म्हणून आम्ही गॅरेजमध्ये विचारायला गेलो. मालकाने गाडी पाहिली ती खुर्चीवरून. "अख्खं दार मारावं लागेल. चार हजार." विषय संपला.

आता हा आकडा घेऊन ताईंच्या दारात कोणत्या तोंडाने जायचे? आणि मुळात तो आकडा आला कुठून? त्या माणसाने दाराला बोटही लावले नव्हते. नुकसान कुणी मोजले नव्हते, किंमत मात्र ठरली होती. समाजशास्त्राच्या पदवीने आम्हाला असल्या गोष्टींवर तासभर बोलायला शिकवले आहे, पण रंगाबद्दल काहीच शिकवले नाही.

ते शिकवले मामांनी. मामांनी नागपुरात बावीस वर्षे डेंटिंग-पेंटिंगचे काम केले. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, "बाबू, नख फिरवून पाह्य. अटकते काय?"

या प्रश्नात सगळे शास्त्र आहे. गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरचा थर असतो. काही साध्या पांढऱ्या गाड्यांना हा वरचा थर वेगळा नसतोही. सगळे थर मिळून जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर. नख अडकत नसेल तर जखम वरवरची आहे, ती घासून जाते. नख अडकले तर रंग भरावा लागतो. आत पत्रा चमकत असेल तर उशीर करायचा नाही, कारण पावसाळ्याआधी तो झाकला नाही तर गंज रंगाखालून पसरतो.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही दार साबणाच्या पाण्याने धुतले. मुलगा मदतीला आला होता. त्याला कुणी बोलावले नव्हते. मग सावलीत ओल्या कापडावर थोडे रबिंग कंपाउंड घेऊन हलक्या हाताने घासायला लागलो. पाच मिनिटांत काळा पट्टा निघून गेला! तो ओरखडा नव्हताच. सायकलच्या मुठीचे रबर आमच्या रंगावर चढले होते. हातभर नुकसानातून उरला दोन इंचांचा एक चरा. नख तिथे अडकत होते आणि टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा पत्रा दिसत होता.

पुढचे काम चिकाटीचे आहे. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो. कुठे दाराच्या चौकटीला, कुठे बॉनेटखाली. त्या कोडची टच-अपची बाटली आणली. चरा स्पिरिटने पुसला. उघड्या पत्र्यावर आधी प्रायमरचा ठिपका, तो वाळल्यावर रंग. बाटलीतला ब्रश वापरू नका, तो जाड असतो. आम्ही टूथपिकच्या टोकाने भरला. एकदाच जाड थर दिला की ओघळतो. तीन पातळ थर दिले, प्रत्येक वेळी वाळू दिले. शेवटी क्लिअर. हे दमट हवेत करू नये, क्लिअर पांढुरके पडते. आठवडाभर हात लावला नाही. पुढच्या रविवारी दोन हजार नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून फक्त उंचवट्यावर फिरवला आणि पुन्हा कंपाउंड. इथे हात आवरावा लागतो, नाहीतर शेजारचा चांगला थरही निघून जातो.

कोणी म्हणेल, मग गॅरेजवाला लुबाडतच होता. तसे नाही. चांदीच्या किंवा मेटॅलिक रंगात ठिगळ लपत नाही, तिथे खरोखर पूर्ण दार फवारावे लागते. पोचा आला असेल, रंगाखाली गंजाचे फोड असतील, तर घरच्या टूथपिकने काही होत नाही. आमचे म्हणणे एवढेच की आधी उठून बघायचे होते.

स्प्रेचा डबा आणू का, असेही आम्ही मामांना विचारले होते. ते चिडले. हार्डनर मिसळून मारायच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असते. ते श्वासावाटे आत गेले की दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. मामांनी बावीस वर्षे रुमालच बांधला. आता दोन जिने चढले की मधे बसतात. गॅरेजच्या त्या चार हजारांत मारणाऱ्या पोराच्या मास्कचे किती धरले होते, हे विचारायचे आमच्याकडून राहून गेले.

सगळे सामान सातशेच्या आत आले. ताईंना बिल दाखवले. त्यांनी साडेतीनशे मोजून दिले. "पोरगं सायकल हाणत होतं, पण गाडी तुम्हीच वळणावर लावली होती," असा हिशेब त्यांनी मांडला. आम्ही पैसे घेतले. बायकोला ते आवडले नाही.

चरा अजून दिसतो. ऊन तिरपे पडले आणि दोन फुटांवर उभे राहिले की कळतो. मामा मागच्या महिन्यात आले तेव्हा चष्मा न लावता त्यांनी दारावरून तळवा फिरवला आणि बरोबर त्या जागी थांबले. म्हणाले, "पेपर अजून दोन हात कमी फिरवला असता तर चाललं असतं." कंपाउंडचा उरलेला डबा त्या मुलाकडे आहे. सायकलच्या दांडीवरचे चरे काढतो म्हणाला.