पालकाची सही

आमची वेळ शनिवारी सकाळी नऊ चाळीसची होती. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्ता आला होता, प्रत्येक पालकाला दहा मिनिटं. पहिलीचा वर्ग, बसायला मुलांच्याच खुर्च्या. गुडघे छातीशी आले आणि पर्स कुठं ठेवावी ते कळेना. बँकेत माझ्यासमोर कर्ज मागायला आलेली माणसं अशीच अवघडून बसतात.

टीचर माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. "खूप गोड मुलगी आहे हो," अशी सुरुवात झाली, तेव्हाच पुढे काहीतरी आहे हे ओळखलं. "पण फळ्यावरचं उतरवून घ्यायला फार वेळ लावते. सगळ्यांचं झालं तरी हिच्या दोनच ओळी. एकेक अक्षर खोडते, पुन्हा काढते."

मी लगेच वकिली सुरू केली. डोळे तपासलेत, गेल्या महिन्यात ताप होता, घरी तर गोष्टी सांगताना तिची गाडी थांबत नाही. थोड्या वेळानं लक्षात आलं, दहातली चार मिनिटं मी एकटीच खाल्ली होती. बाहेर पुढचे पालक दारातून डोकावत होते. टीचरनं कागद फिरवला आणि खालच्या चौकोनावर बोट ठेवलं. 'पालकाची सही.'

आमच्या वेळी प्रगतिपुस्तक असायचं. विषय, गुण, उपस्थिती, शेरा, आणि तळाशी तीन सह्या: वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, पालक. नापास विषयाखाली लाल रेघ. वार्षिक निकाल १ मेला, झेंडावंदन झालं की. सहामाहीचं पुस्तक मात्र घरी न्यायचं आणि सही घेऊन परत आणायचं. वडील एसटीत ड्रायव्हर, पाटण आगारात. मुक्कामी गाडी असली की दोन-दोन दिवस घरी नसायचे. आले की शर्टाच्या खिशातलं बॉलपेन काढून, गुण न बघताच, ड्युटीच्या रजिस्टरात करावी तशी सही ठोकायचे.

मी चौथीत होते तेव्हा, १९९१-९२ ची गोष्ट. साक्षरतेच्या मोहिमेचे ते दिवस. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झालं, १९९० मध्ये केरळातला एर्नाकुलम जिल्हा पूर्ण साक्षर झाला, आणि मग गावोगाव रात्रीचे वर्ग भरायला लागले. आमच्याकडे समाजमंदिरात भरायचा. शिकवायला दहावी झालेली गल्लीतलीच एक पोरगी, तिला आई एरवी पाणी भरताना ओरडायची. तीन पुस्तिका होत्या. आई दुसरीतच अडकली, पण सही शिकली. माझ्याच फुटक्या पाटीवर.

त्या सहामाहीला वडील मुक्कामी होते. आई म्हणाली, "आण हिकडं, मी करती." चुलीपाशी बसून केली. आमच्या आडनावात एक जोडाक्षर आहे, ते तिनं फोडून दोन अक्षरं केली. चौकोन पुरला नाही, शेवटचा काना रेघेबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला उभं केलं. "ही सही तू केलीस." मी नाही म्हटलं. "मोठ्या माणसाचं अक्षर असं असतं होय?" वर्ग हसला.

आई दुपारी शेतातून थेट आली. विळा वर्गाबाहेर पायरीवर ठेवला, पदर सारखा केला. तिला कुणी बस म्हटलं नाही. "द्या गुरुजी, पेन द्या," म्हणाली आणि टेबलावर वाकली. चाळीस पोरं बघत होती. ती सही इतका वेळ चालली की मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. जोडाक्षर पुन्हा फुटलं, काना पुन्हा बाहेर. गुरुजींनी दोन्ही सह्या पाहिल्या, पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हणाले, "बरं, या." आईच्या उभ्या जन्मातली पालकसभा ती एवढीच. वडिलांना कळल्यावर ते हसून म्हणाले, "लायसन तपासलं म्हण की तुझं."

मला लाज वाटली होती, पण गुरुजींच्या संशयाची नाही, आईच्या अक्षराची. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

नववीत मी वडिलांची सही स्वतःच करायला लागले. एकदाही पकडली गेले नाही. आणि नोकरी लागली ती बँकेत, तीही सह्या जुळवण्याची! नमुना सही एका बाजूला, स्लिप दुसऱ्या बाजूला. पेन्शनच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांच्या सह्या थरथरतात, नमुन्याशी जुळत नाहीत. एका आजींना मी तीनदा सही करायला लावली होती. मागे रांग होती, माझा आवाज चढला होता. चौथ्यांदा त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, "राहू दे बाई, उद्या येते." त्या गेल्यावर मला पायरीवरचा विळा आठवला. आधी का नाही आठवला, कोण जाणे.

आता प्रगतिपुस्तकाची भाषा बदलली आहे. महाराष्ट्रात २०१० पासून आकारिक आणि संकलित मूल्यमापन आलं, गुणांच्या जागी अ-१, ब-२ अशा श्रेणी आल्या, आणि वर्णनात्मक नोंदी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण सांगते, तयार नोंदींच्या पीडीएफ शिक्षकांच्या ग्रुपवर फिरतात, उचलायच्या आणि लिहायच्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात कलम २४ आहे: पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांना सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य. चांगलंच आहे की. पस्तीस मुलांची पस्तीस वेळा दहा मिनिटं, तीही सुट्टीच्या शनिवारी, त्या बिचाऱ्या पोरीनं काय करावं? तिनं वेळ लागतो म्हटलं ते खोटंही नव्हतं.

मी बँकेत करते तशी सही केली. अर्धा सेकंद, एक वेलांटी, खाली रेघ.

घरी आल्यावर आईनं कागद मागितला. चष्मा लावला, अक्षराखाली बोट धरून वाचायला लागली. "ले-ख-न..." लेक शेजारी येऊन बसली. तिचंही बोट लागलं. दोघींचा वेग एकच. 'लेखनास अधिक वेळ लागतो' हे वाक्य त्या दोघींनी मिळून बराच वेळ वाचलं, आणि झाल्यावर लेक इतकी खूश झाली की त्यात काय लिहिलंय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आईच्या आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही.

मग खालच्या चौकोनाकडे बघून म्हणाली, "हे काय गं, तुझं नाव कुठाय ह्यात?"

लेकीनं दप्तरातून पेन्सिल काढून दिली. चौकोनात जागा नव्हती, म्हणून आईनं त्याच्या बाजूला सुरू केलं. लेक वाकून बघत होती. "आजी, ते अर्धं काढायचं असतं," ती म्हणाली आणि खोडरबर शोधायला उठली.

कागद सोमवारी परत द्यायचा आहे.