नानांची होडी, अब्बांचे इंजिन

पुण्यात बोट क्लब रोड आहे. पण त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी बोटीत पाय ठेवला असेलच असे नाही. रस्त्याला नाव मिळाले ते 1868 साली स्थापन झालेल्या रॉयल कॅनॉट बोट क्लबामुळे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून नदीवर बंधारा झाला, मागे पाणी साठले आणि त्या पाण्यात साहेब लोक संध्याकाळी वल्ही मारू लागले. संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे. तिथली रेगाटा 1928 पासूनची. विद्यार्थी आजही ती उमेदीने करतात, फक्त त्याआधी जलपर्णीशी झुंजावे लागते. बाकी पुणेकरासाठी नदी म्हणजे पुलावरून नाक दाबून ओलांडायची गोष्ट. अशा शहरात जन्मून आम्हाला होड्यांचे, त्यातही शर्यतीच्या होड्यांचे वेड लागले. त्याला दोन माणसे जबाबदार आहेत. एक आमचे अब्बा आणि दुसरे आमचे नाना.

अब्बांचे नाना पेठेत छोटे गॅरेज होते. अक्षरओळख बेताची, पण इंजिनाचा आवाज ऐकून कोणता व्हॉल्व्ह बिघडला ते सांगत. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे अब्बा सुटे भाग शोधायला जात आणि आम्हाला बरोबर नेत. भाग मिळाला नाही तरी एखादे जुने इंग्रजी मासिक घेऊन येत. 'पॉप्युलर मेकॅनिक्स'चे पिवळे पडलेले अंक आमच्या घरी असे रद्दीच्या भावाने आले. अब्बांना इंग्रजी येत नव्हते. ते चित्रे वाचत. प्लायवूडची शर्यतीची बोट घरच्या घरी कशी बांधावी, याचे नकाशे त्या अंकांत असत. पाण्याला जेमतेम टेकलेली, नाक वर केलेली, मागे पांढऱ्या फेसाचा पिसारा फुलवणारी ती बोट पाहून अब्बा म्हणत, "बघ, ही पाण्यात नाही चालत. पाण्यावरून चालते."

अब्बांचे हे वाक्य शास्त्रशुद्ध होते, हे आम्हाला पुढे बी.एस्सी. करताना कळले. बोटी दोन जातींच्या. एक पाणी बाजूला सारत त्यातून वाट काढणारी. दुसरी वेग येताच पाण्याच्या पाठीवर चढून घसरत जाणारी. पहिलीचा तळ गोलसर, खोल. दुसरीचा तळ सपाट, कधी पायरी पाडलेला, म्हणजे पाण्याला कमीत कमी लाकूड चिकटेल. विसाव्या शतकातल्या मोटारबोटींच्या शर्यतीचा सगळा इतिहास म्हणजे पहिल्या जातीतून दुसऱ्या जातीत जाण्याची धडपड. 1903 मध्ये आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरात हार्म्सवर्थ करंडकाची पहिली शर्यत झाली, तेव्हा जिंकणाऱ्या 'नेपियर' बोटीचा वेग तासाला साडेएकोणीस मैल होता. बोट चालवायला डोरोथी लेव्हिट ही नोकरी करणारी तरुण मुलगी होती, पण करंडकावर नाव लागले बोटीच्या मालकाचे. 1978 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बीने तासाला 511 किलोमीटरचा विक्रम केला आणि तो अजून मोडलेला नाही. त्याची बोट कुठल्या कारखान्यात झाली नव्हती. त्याने ती घराच्या परसात बांधली आणि लष्करी लिलावातले जुने जेट इंजिन तिच्यावर चढवले. अब्बांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते खूष होऊन म्हणाले, "म्हणजे तिकडेही जुना बाजार आहे तर!"

आमचे नाना मात्र पहिल्या जातीचे. मुरुडजवळच्या राजपुरीचे नाखवा. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या कित्येकांनी पाहिल्या असतील. नानांचा छत्तीस फुटी मचवा होता. त्यांनी तो स्वतः उभे राहून, सुताराच्या खांद्याला खांदा लावून बांधून घेतला होता. साग आणि ऐन. कागदावर एक रेघ नाही. आधी तळाचे लांब लाकूड ठेवायचे, त्याला आमच्या किनाऱ्यावर 'पठाण' म्हणतात. पुढे 'नाळ' उभी करायची. मग दोरी धरून, एक डोळा मिटून, फळीला किती बाक द्यायचा ते ठरवायचे. फळ्यांच्या फटींत कापूस ठासायचा, तेल पाजायचे. सुट्टीत गेलो की नाना आम्हाला ओहोटीच्या वेळी वाळूत टेकलेल्या मचव्याखाली घेऊन जात आणि आमचा हात तळावरून फिरवत. "पोरी, इथे पाणी येते, इथे दुभंगते, इथे पुन्हा एकत्र होते. एकत्र होताना आवाज आला तर समज, सुतार चुकला."

हे ज्ञान नानांचे एकट्याचे नव्हते. आंग्र्यांच्या आरमाराचे वर्णन करताना रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने गुराब आणि गलबतांचे आकार बारकाईने नोंदवले आहेत. गुराब लांबीच्या मानाने रुंद, टोकांकडे निमुळती, पाण्यात फार न बुडणारी. गलबत सत्तर टनांच्या आत, त्याला चाळीस-पन्नास वल्ही आणि वल्ह्यांवर वेग तासाला चार मैल. चार मैल ऐकून आजची पोरे हसतील. पण 1679 मध्ये खांदेरीच्या लढाईत वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजे जागच्या जागी डुलत राहत, आणि शिवाजी महाराजांच्या हलक्या, उथळ होड्या वल्ह्यांच्या जोरावर त्यांच्यामधून निसटून बेटावर रसद पोहोचवत. त्या आरमाराचा सरदार होता दौलतखान आणि समोरच्या बाजूला इंग्रजांबरोबर होता जंजिऱ्याचा सिद्दी. दोन्हीकडची नावे इतिहासात आहेत. ज्यांनी त्या होड्यांना आकार दिला, त्यांची नावे करंडकावरही नाहीत आणि बखरीतही नाहीत.

नाना आणि अब्बा, म्हणजे सासरे आणि जावई, एकमेकांचा फार आदर करत. 1999 च्या मे महिन्यात त्या आदराची परीक्षा झाली. किनाऱ्यावर एकेका होडीला इंजिन बसत होते. वाऱ्याची वाट पाहायला आता उतारूंना वेळ नव्हता. मामूंनी हट्ट धरला. अब्बांना तर निमंत्रणच हवे होते. त्यांनी पुण्याहून जुन्या ट्रकचे सहा सिलिंडरचे इंजिन टेम्पोत घालून नेले, पंधरा दिवस खपून मचव्यात बसवले आणि शेजारच्या होडीवाल्याला आव्हान दिले. शेजाऱ्याची होडी आमच्या मचव्याएवढीच, पण तिचे इंजिन लहानसे होते. किल्ल्याला वळसा घालून परत यायचे, असे ठरले. धक्क्यावर निम्मे गाव जमले होते.

सुरुवातीला आमचा मचवा झेपावला. अब्बांनी आणखी डिझेल सोडले. इंजिन गरजले, धूर निघाला, नाळेपुढे ही मोठी लाट उभी राहिली आणि मचव्याने मागचा भाग पाण्यात टेकवला. वेग मात्र वाढेना. शेजारची होडी खुशाल टुकटुक करत बरोबरीने येत राहिली. किल्ल्याच्या मागे मचव्यात मागून पाणी येऊ लागले, तेव्हा नानांनी हात वर करून इंजिन मंद करायला सांगितले. दोन्ही होड्या जवळजवळ एकदमच धक्क्याला लागल्या. एकाने दुसऱ्याच्या तिप्पट तेल जाळले होते. नाना एवढेच म्हणाले, "जावईबापू, होडी आपल्याच लाटेवर चढायला बघते आहे. ती चढणार नाही. तिला तसे बनवलेच नाही."

नानांचे हे वाक्य इंग्लंडमध्ये विल्यम फ्राउड नावाच्या अभियंत्याने आकड्यांत बसवले होते. टॉर्कीला 1872 च्या सुमारास त्याने एक लांब हौद बांधला आणि त्यात होड्यांच्या छोट्या प्रतिकृती ओढून मापे घेतली. पाणी सारत जाणारी होडी पुढे लाट उठवते. वेग वाढतो तशी लाट लांबत जाते. लाटेची लांबी होडीएवढी झाली की होडी दोन लाटांच्या मधल्या खळग्यात अडकते आणि पुढे जायचे तर तिला आपलीच लाट चढावी लागते. हिशेब सोपा आहे. होडी पाण्याला जिथे टेकते तिथली लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. छत्तीस फुटांचे वर्गमूळ सहा, म्हणजे आठ नॉट, तासाला सुमारे पंधरा किलोमीटर. त्यापुढे ट्रकचे इंजिन लावा नाहीतर रेल्वेचे, जळते ते फक्त तेल. वर चढायचे तर तळ सपाट हवा, अंग हलके हवे. किंवा होडी इतकी चिंचोळी हवी की लाट उठूच नये. आपल्या चांदवड तालुक्याचा दत्तू भोकनळ दुष्काळी भागातून सैन्यात गेला, वल्ही मारायला शिकला, पुण्यात सराव करून 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेराव्या क्रमांकावर आला. त्याची ती एकेरी होडी आठेक मीटर लांब आणि वीतभरापेक्षा थोडी जास्त रुंद असते. म्हणून दोन हजार मीटर सात मिनिटांच्या आसपास कापता येतात.

मचव्याचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. शिडासाठी बांधलेल्या अंगाला इंजिनाची थरथर सोसली नाही. फळ्यांचे सांधे सुटू लागले. दर पावसाळ्यात दुरुस्ती, दर उन्हाळ्यात पुन्हा गळती. 2003 मध्ये मामूंनी तो मोडीत काढला आणि फायबरची बोट घेतली. ती स्वस्त पडली, गळत नाही, तिला कापूस लागत नाही. मामूंची मुले त्या बोटीवर शिकली, त्यामुळे तिला नावे ठेवण्याचा हक्क आम्हाला नाही. मोडलेल्या मचव्याचे लाकूड भट्टीवाल्याने नेले. पठाण तेवढे नानांनी ठेवून घेतले होते. अंगणात त्यावर बसून ते तसबीह ओढत. 2008 मध्ये, रमजानच्या आधी, ते गेले. आमच्याजवळ त्यांच्या तोंडचे दहा-बारा शब्द उरले. बाकीचे त्यांच्याबरोबर गेले.

मार्च 2017 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची शर्यत झाली. परदेशी चालकांबरोबर गौरव गिल, सी. एस. संतोष असे आपले मोटारशर्यतीतले गडीही बोटीत बसले होते. आम्ही ती अब्बांबरोबर टीव्हीवर पाहिली. जुन्या मासिकातली बोट अखेर आपल्या समुद्रात आली होती. पिसारा तोच, नाक तसेच वर. अब्बा टाळ्या वाजवतील असे वाटले होते. ते बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "तुझ्या नानांना मी इंजिन दिले. होडी द्यायला हवी होती." आम्ही चहा करायला उठलो. काही वाक्यांना उत्तर नसते.

आज आम्ही पुण्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाचे भंगाराचा धंदा करतात, कुणाची आई शिवणकाम करते. पुस्तकात 'कसाफत' येते, 'उछाल' येतो, अर्शमिदस येतो. मुले व्याख्या पाठ करतात आणि मनाशी समजून चालतात की विज्ञान ही दुसऱ्या कुणाच्या तरी घरची गोष्ट आहे. आपल्या आजोबा-पणजोबांचा त्याच्याशी काही संबंध असेल, असे त्यांना कुणी सांगितलेले नसते. आम्हाला झोंबते ते हेच.

म्हणून हा धडा आम्ही पुस्तक मिटून शिकवतो. पत्र्याची जुनी पन्हळ पाण्याने भरायची. साबणाच्या वड्यांच्या होड्या मुलांनी घरून कोरून आणायच्या. प्रत्येकीला दोरा बांधायचा, दोऱ्याच्या टोकाला टेबलाखाली एकच नट लटकवायचा आणि कोणती आधी पोहोचते ते पाहायचे. ओढ सगळ्यांना सारखी, फरक फक्त आकाराचा. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात असेच, नद्या आणि बंदरे लहान करून, पाण्याला प्रश्न विचारत आले आहेत. आमची प्रयोगशाळा दहा फुटांची आहे, एवढाच फरक.

मागच्या वर्षी फळ्यावर होडीचे चित्र काढून आम्ही नानांचे शब्द लिहिले. नाळ, शीड, डोलकाठी, सुकाणू. तळाच्या लाकडाला 'पठाण' म्हणतात असे सांगताच वर्ग खदखदून हसला, कारण वर्गात तीन पठाण आहेत. त्यातला मागच्या बाकावरचा, वर्षभरात क्वचितच तोंड उघडणारा मुलगा उभा राहिला. "टीचर, पठाण काढून टाकला तर?" आम्ही म्हणालो, "मग ना नाळ उभी राहणार, ना फळी. त्याच्यावरच तर सगळी होडी बांधतात." तो खाली बसला. तास संपल्यावर पाहिले तर बाकीचे डबा खायला गेले होते आणि तो वहीत ते सगळे शब्द आधी उर्दूत, मग शेजारी मराठीत उतरवून घेत होता. 'सुकाणू'चा णू उर्दूत कसा लिहायचा, एवढेच त्याने विचारले.