ताण आणि बहार

वहिनी,

परवा फोनवर तुम्ही आवाज इतका खाली आणलात की आई शेजारीच बसली असणार, हे मी ओळखलं. ‘महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या, ती पाळी लांबवायची गोळी पाठवता का कुणाजवळ?’ मी ‘बघते’ म्हणाले आणि फोन ठेवला. गोळी पाठवत नाहीये. हे पत्र पाठवते आहे, कारण पांढुर्ण्याच्या आपल्या घरात असं बोलायला एक कोपरा मोकळा सापडत नाही.

गोळीचं नंतर. मला आधी खटकलं ते हे, की तुम्हाला पाळी येते आहे! केमो संपली तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, ‘चला, एक कटकट गेली.’ मग नागपूरच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, ‘पाळी चालू की बंद?’ दादा खुर्चीवर, तुम्ही पदराशी चाळा करत, आणि उत्तर दिलं दादानेच: बंद. त्या एका शब्दावर तुमची गोळी बदलली. टॅमॉक्सिफेन गेली, लेट्रोझोल आली.

तुमच्या स्तनातल्या गाठीच्या रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलं आहे. म्हणजे त्या पेशी इस्ट्रोजेन या बाईच्या हार्मोनवर पोसतात. टॅमॉक्सिफेन त्या पेशींवर इस्ट्रोजेनची बसायची जागाच अडवून धरते, म्हणून पाळी असो-नसो, ती चालते. लेट्रोझोलची तऱ्हा वेगळी. पाळी कायमची गेल्यावरही बाईच्या चरबीत, स्नायूंत थोडं इस्ट्रोजेन तयार होत राहतं. लेट्रोझोल ते तयार होणं बंद पाडते. पण अंडाशय जागं असेल तर एकट्या तिचं त्याच्यापुढे काही चालत नाही. उलटच होतं. इस्ट्रोजेन कमी पडलं की मेंदूखालची ग्रंथी अंडाशयाला हाका मारायला लागते: ऊठ, काम कर.

तुम्ही सौंसरच्या संत्र्याच्या बागेत वाढलात, तुम्हाला हे मी काय सांगणार! पाणी तोडून झाडाला ताण देतात. पानं मलूल होतात, परक्या माणसाला वाटावं झाड गेलं. मग पाणी सोडलं की बहार फुटतो. केमोने तुमच्या अंडाशयाला ताण दिला होता, वहिनी. झाड गेलं नव्हतं. चाळिशीच्या आसपासच्या बायकांची केमोत थांबलेली पाळी कित्येकदा महिन्यांनी, कधी वर्षाने परत येते. आणि पाळी दिसत नसतानाही अंडाशय आतल्या आत जागं असू शकतं.

माझ्या मेडिकलमध्ये रोज एक गंमत दिसते. लेट्रोझोल अडीच मिलिग्रॅमची तीच स्ट्रिप घ्यायला दोन तऱ्हेच्या बाया येतात. एक साठीची, तुमच्यासारखं ऑपरेशन झालेली. दुसरी लग्नाला चार वर्षं झालेली, मूल हवं म्हणून आलेली. तिला पाळीच्या सुरुवातीला पाचच दिवस घ्यायची असते, अंडाशय हलवून जागं करायला! या वापरावर सरकारने २०११ मध्ये बंदी घातली होती, २०१७ मध्ये ती उठवली. सांगायचं हे, की एकच गोळी, आणि ती कुणाच्या पोटात जाते यावर तिचं काम ठरतं.

हे ज्ञान तसं जुनंच. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरवर अंडाशयं काढून पाहिली, गाठी विरल्या, आणि १८९६ मध्ये त्याने ते छापलं. अंडाशय काढलेली गाय जास्त दिवस दूध देते, असं काही गुराखी मानत. त्यावरून त्याचं डोकं चाललं. पुरुषांचंही तेच. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्सने १९४१ मध्ये दाखवलं, त्याला पुढे नोबेल मिळालं. परवाच आपण ज्यांची पूजा केली ते बैल खच्ची केल्यावर वळूपेक्षा कसे वेगळे होतात, हे पोळा करणाऱ्यांना कुणी शिकवावं लागत नाही. बाईच्या बाबतीत मात्र सगळं गिळून टाकायचं.

आता तुमची गोळी. तिच्यात नॉरएथिस्टेरॉन असतं, प्रोजेस्टेरॉनच्या गोत्रातलं हार्मोन. दादा म्हणेल, टाटामध्ये तर प्रोजेस्टेरॉनचंच इंजेक्शन देऊन पाहिलं होतं. खरं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजार बायकांवर चाचणी केली, २०११ मध्ये ती छापून आली. निम्म्या बायकांना ऑपरेशनआधी पाच ते चौदा दिवस एकच स्वस्त इंजेक्शन. सगळ्यांत मिळून ठळक फायदा दिसला नाही. पण काखेतल्या गाठींपर्यंत रोग गेलेल्यांत, पाच वर्षं रोग न उलटलेल्या बाया इंजेक्शन घेतलेल्यांत शंभरात सुमारे ६५, न घेतलेल्यांत ५५. पण ते ऑपरेशनआधी, एकदाच, डॉक्टरांच्या हातून. ऑपरेशननंतर घरी बसून हार्मोन घेणं ही वेगळी गोष्ट. स्वीडनमध्ये कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांना पाळी जाण्याच्या त्रासासाठी हार्मोन दिले, तर रोग जास्त उलटू लागला, आणि ती चाचणी मधेच थांबवावी लागली. सणापुरत्या चार गोळ्यांनी तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या रिपोर्टवर ते दोन शब्द असताना ती गोळी मी देणार नाही.

माझ्याही पदरी चूक आहेच. तुमच्या आजाराच्या आधी दोनदा मी ती गोळी काही न विचारता पाठवली होती. सण जवळ आले की माझ्या काउंटरवर रांग लागते, आणि मी स्ट्रिप कापून देत राहते.

लेट्रोझोल मनाने बंद करू नका. या मंगळवारी सकाळच्या गाडीने नागपूरला या, मी स्टेशनवर असेन. डॉक्टर रक्तातली हार्मोन तपासतील. मग टॅमॉक्सिफेनवर परत न्यायचं, की अंडाशय शांत ठेवणारं महिन्याचं इंजेक्शन लेट्रोझोलच्या जोडीला द्यायचं, की अंडाशयं काढायची, हे ते ठरवतील. दादाला मी बाहेर चहाला पाठवीन. शेवटची पाळी कधी आली, किती दिवस होती, हे तुम्ही स्वतः, मोठ्याने सांगायचं.

आणि महालक्ष्म्यांचं काय, असं विचाराल. पुरण आणि सोळा भाज्या मी येऊन करते. मी तर म्हणते तुम्हीच बसा चुलीपाशी, पण आईला या वर्षी तरी पटायचं नाही. आंबील मात्र मला जमत नाही. ती तुम्ही दारातून सांगा, मी ढवळते.

तुमची नणंद