साहेबांची जीभ आणि तीन वाट्या

खाद्यपदार्थांच्या बऱ्याच कंपन्यांत नव्या पदार्थाचा निकाल एका लांबलचक टेबलाभोवती लागतो. आर अँड डीची मंडळी बशा मांडतात, सगळ्यांत वरिष्ठ साहेब पहिला घास घेतात आणि बाकीचे आपापला घास हातात धरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. साहेब म्हणाले, ‘मीठ जरा पुढे आलंय,’ की मिनिटभरात सगळ्यांनाच मीठ पुढे आलेलं लागतं. यात कोणी खोटं बोलत नसतं. अपेक्षा आधी पोचली की चव तिच्या मागोमाग येते. हा निर्णय त्या टेबलावरून उचलायचा आणि जिथे कोणाचाच चेहरा दिसत नाही अशा ठिकाणी न्यायचा, हे माझं काम. आमच्या धंद्यात त्याला नुसतं ‘सेन्सरी’ म्हणतात.

सेन्सरीत माणसाचे डोळे, नाक, जीभ, दात आणि कान हीच मोजमापाची साधनं. यंत्रं असताना माणसं कशाला, असं हमखास विचारलं जातं. खवटपणाचंच बघा. तळणीचं तेल जुनं होऊ लागलं की आधी पेरॉक्साइडं तयार होतात आणि प्रयोगशाळेत ती सहज मोजता येतात. पण पेरॉक्साइडांना स्वतःचा वास नसतो. ती फुटून हेक्झॅनलसारखी अल्डिहाइडं तयार होतात, तेव्हा नाकाला खवट कळतं. त्यामुळे पेरॉक्साइडचा आकडा एकदा चढून पुन्हा उतरू लागतो तेव्हा कागदावर तेल सुधारल्यासारखं दिसतं आणि खाणारा मात्र पुडा बाजूला सारतो. हेक्झॅनलही यंत्रावर मोजता येतं. पण ते किती झालं म्हणजे खवट म्हणायचं, ही रेघ आखायला शेवटी नाकच लागतं.

आमच्या विषयाचा कणा एका नियमात आहे. प्रश्न दोन आहेत आणि ते एकाच माणसाला विचारायचे नाहीत. ‘पदार्थ कसा आहे?’ हे प्रशिक्षित पॅनेलला विचारायचं. ‘आवडला का?’ हे तो पदार्थ पैसे मोजून खाणाऱ्या गिऱ्हाइकाला. महिनोन्‌महिने खवट तेल हुंगून तयार झालेलं नाक गिऱ्हाइकाचं राहत नाही, म्हणून त्याच्या आवडीला किंमत नाही. उलट, गिऱ्हाइकाला कुरकुरीतपणाचे गुण द्यायला सांगितले तर आवडलेल्या चकलीला तो सगळेच गुण सढळ हाताने देऊन टाकतो.

या दोन्ही प्रश्नांच्या आधी एक छोटा प्रश्न येतो: फरक कळतो तरी का? समजा, चिवड्याच्या कारखान्याला शेंगदाणा तेलाऐवजी स्वस्त तेल वापरायचं आहे. आम्ही प्रत्येकासमोर तीन वाट्या ठेवतो. दोहोंत एकच चिवडा, तिसरीत वेगळा. वेगळी वाटी ओळखायची. कळलं नाही तरी एक निवडायचीच. ही ट्रायँगल टेस्ट. १९४०च्या दशकात डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत ती बिअरसाठी वापरात आली. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिघांतल्या एकाचं उत्तर बरोबर येणार, म्हणजे ३० जणांत साधारण १० जण काहीही न कळता पास. म्हणून निदान १५ जणांनी ओळखलं, तरच फरक कळतो असं आम्ही म्हणतो. नुसत्या नशिबाने तितके येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असते.

चवीच्या दाव्याला असं गणित लावायचं वळण रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाचं. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या त्यांच्या सहकारी होत्या. कपात दूध आधी घातलंय की चहा, हे आपल्याला चवीवरून कळतं, असं त्या म्हणत. यावरूनच फिशरनी १९३५च्या ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’मध्ये आठ कपांची परीक्षा मांडली: चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. आठही कप अंदाजाने बरोबर लागण्याची शक्यता ७०त एक. बाई कोण, त्यांचा हुद्दा काय, याला त्या हिशेबात जागाच नव्हती.

फरक आहे एवढं ठरलं की तो नेमका कशात, हे पॅनेल सांगतं. चकलीसाठी पॅनेल बसवायचं तर आधी शब्दांवर एकमत लागतं. कडक म्हणजे पहिला तुकडा पाडायला दातांना लागणारा जोर. कुरकुरीत म्हणजे त्या चाव्याचा आवाज. खुसखुशीत म्हणजे तोंडात किती सहज भुगा होतो ते. ही मोहनाची करामत. प्रत्येक शब्दाचा नमुना समोर ठेवून सराव होतो आणि मग १५ सेंटिमीटरच्या रेघेवर खूण करायची. तोच नमुना नव्या क्रमांकाने पुन्हा दिला आणि खूण भलतीकडे गेली, तर सराव पुन्हा सुरू. ‘छान’, ‘मस्त’, ‘आईच्या हातची’ हे शब्द त्या खोलीत वर्ज्य.

अशा पॅनेलमधून येणारे आकडे टिकाऊ असतात. १९८१मध्ये अमेरिकेत कॅट्झ आणि लाबुझा यांनी बटाट्याचे वेफर्स, पॉपकॉर्न अशा पदार्थांवर दाखवलं, की वॉटर ॲक्टिव्हिटी ०.३५ ते ०.५०च्या दरम्यान पोचली की ते कुरकुरीत राहत नाहीत. वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणजे पदार्थातलं मोकळं पाणी किती, याचं माप. कोकणातल्या पावसाळी हवेत उघडा डबा सादळतो तो याच हद्दीपलीकडे जाऊन.

आमचे बूथ बाहेरच्यांना विचित्र वाटतात. दोन्ही बाजूंना आडोसा, समोर छोटी खिडकी, कधी कधी लाल दिवा. लाल दिवा अशासाठी, की रंग चवीला फितवतो. २००१मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. कानही कमी नाहीत. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी झाम्पिनी यांनी लोकांना हेडफोन लावून वेफर्स खायला दिले. चावण्याचा आवाज, विशेषतः त्यातले तीव्र सूर, वाढवून ऐकवले, की तोच वेफर जास्त कुरकुरीत आणि ताजा वाटू लागला. नमुन्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणायचीही सोय नाही, कारण ‘अ’ आपोआप थोरला ठरतो. म्हणून तीन आकडी आडवेतिडवे क्रमांक. पहिल्या नमुन्याला उगाच झुकतं माप मिळतं, म्हणून प्रत्येकाचा क्रम वेगळा. अत्तर नको, सुपारी नको. आणि महाराष्ट्रात वेळापत्रक आखताना पंचांग जवळ हवं: संकष्टीला, एकादशीला, श्रावणी सोमवारी निम्मं पॅनेल उपाशी.

आता दुसरा प्रश्न. ‘आवडलं का’ची जगभर चालणारी मोजपट्टी अमेरिकी लष्करातून आली. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोच्या क्वार्टरमास्टर फूड अँड कंटेनर इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड पेरियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैनिकांच्या आवडीनिवडी जाणून घ्यायला नऊ पायऱ्या आखल्या: वर ‘अतिशय आवडलं’, तळाला ‘अतिशय नावडलं’, मधोमध ‘ना आवड ना नावड’. आपल्याकडे ही पट्टी आणली की तिचा खालचा भाग कोराच परत येतो. अन्नाला नावं ठेवू नयेत, हे ज्यांना लहानपणापासून ताटावर बसवून शिकवलं, ते समोर आणून दिलेल्या पदार्थाला नावडलं म्हणणार कसे? सगळे गुण सात-आठवर गोळा होतात. चिनी, कोरियन आणि थाई खाणाऱ्यांतही अमेरिकनांपेक्षा पट्टीचा कमी भाग वापरला जातो, असं आढळलेलं आहे.

म्हणून मी मत विचारण्यापेक्षा निवड करायला लावते. ‘या दोहोंतला कोणता पुडा घरी न्याल?’ यात कोणाचाच अपमान होत नाही. किंवा दोन्ही पुडे आठवडाभर घरात ठेवून उरलेलं वजन करायचं. एका घोटाची पसंती आणि महिन्याभराची सोबत यांत अंतर असतं. कोका-कोलाने १९८५मध्ये सुमारे दोन लाख चाचण्यांच्या जोरावर नवी चव आणली आणि अडीच महिन्यांत जुनी परत आणायची वेळ आली. नवी आवडली का, हे लोकांना विचारून झालं होतं. जुनी कायमची काढून घेतली तर काय वाटेल, याचा अंदाज चुकला.

सरासरीपासूनही सावध राहावं लागतं. गूळ घातलेल्या आमटीला निम्म्या लोकांनी आठ आणि निम्म्यांनी तीन गुण दिले, तर सरासरी साडेपाच. त्या आकड्याकडे बघून गूळ निम्मा केला, तर अशी आमटी तयार होईल जी कोणीच मागितली नव्हती. आणि ‘का आवडली?’ हे गिऱ्हाइकाला विचारूच नये. तो सौजन्याने काहीतरी कारण शोधून देतो. त्यापेक्षा गिऱ्हाइकांच्या पसंतीचे आकडे पॅनेलच्या वर्णनाशी जुळवून पाहायचे. कोणत्या गटाला कोणता गुण खेचतो ते त्यातून दिसतं. वेगळे ठेवलेले दोन प्रश्न इथे, हिशेबाच्या टेबलावर, पहिल्यांदा भेटतात.

साहेबांना त्यांच्या जिभेवरून खाली उतरवणं मात्र आकड्यांनीही सोपं होत नाही. मी एवढंच करते, की त्यांनाही बूथमध्ये बसवून तीन वाट्या देते. तिथे त्यांचं मत तिसांतलं एक.

ही परीक्षा घरीही घेता येते. यंदा चिवडा दोन तेलांत करून पाहा, तीन सारख्या वाट्या घ्या, प्रत्येकाचा क्रम बदला आणि एकमेकांशी बोलायला मनाई करा. घरात बारा माणसं जमली, तर निदान आठांनी वेगळी वाटी ओळखायला हवी. चारच जणांना जमलं तर दोन्ही चिवडे सारखेच आहेत असं सिद्ध होत नाही. त्यासाठी माणसं पुष्कळ जास्त लागतात. पण महागडं तेल पुढच्या वर्षी कशाला, हा विषय घरच्या अर्थखात्यापुढे ठेवायला तेवढा पुरावा पुरेल.