चिखलातलं वेखंड

रोपवाटिकेत ती गेली होती तुळस आणायला. वाटेतली एक कुंडी बाजूला सारताना गवतासारखं लांब पान तिच्या मुठीत चुरगळलं, आणि नाकाशी थेट बाळंतिणीची खोली येऊन उभी राहिली. शेगडी, धुरी, तेलाने माखलेलं बाळ, सगळं.

"दादा, हे काय आहे?"

"वेखंड, ताई. पायाशी पाणी ठेवा, मरत नाही."

कुंडीवर किंमत होती, नाव नव्हतं. तिला याचा मनापासून राग आला. शोभेच्या झाडांना ऐटदार पाट्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या पोरांच्या अंगाला लागलेलं हे झाड बिननावाचं! तिनेही मात्र आयुष्यभर वेखंड पाहिलं होतं ते वाळकंच: काष्ठौषधीच्या दुकानातल्या पुडीतलं, पेरापेरांचं, करड्या तपकिरी कांडीसारखं. हिरवं वेखंड असं तलवारीच्या पात्यागत ताठ उभं राहतं, हे ती पहिल्यांदाच पाहत होती.

वाईच्या घरी धाकटा भाऊ झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. न्हाऊ घातलं की आजी वस्त्रगाळ पूड चिमटीत घेई, टाळूवर ठेवी आणि अंगठ्याने हलकेच जिरवी. अंगठ्याखाली ती मऊ जागा खालीवर व्हायची. "तू नको गं हात लावूस," आजी म्हणायची. टाळूचं ते धडधडणं आणि तो उग्र, किंचित गोडसर वास तिच्या मनात कायमचे एकमेकांना चिकटले.

पुढे ती ग्रंथपाल झाली, तिथेही वेखंड होतंच. जुन्या पोथ्यांच्या कपाटात कसर लागू नये म्हणून त्याच्या पुरचुंड्या ठेवत. कपाट उघडलं की आधी आजीचा अंगठा आठवायचा, मग पोथी दिसायची. त्या पुरचुंड्यांना शास्त्राचा आधारही आहे. वेखंडातलं बीटा-असारोन हे द्रव्य धान्यातल्या काही किडींची प्रजननक्षमताच मारतं.

हेच द्रव्य पोटात जाणं मात्र धोक्याचं. जम्मूकडच्या वेखंडाचं तेल खाऊ घातलेल्या उंदरांच्या आतड्यात गाठी झाल्या, आणि 1968 साली अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. तिच्या मुलाच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी गुटी नको म्हणून सांगितलं, तेव्हा घरात आठवडाभर अबोला होता. ती डॉक्टरांच्या बाजूने उभी राहिली. सहाणेवरचा वेखंडाचा वेढा बंद झाला. धुरीही नको, पण पुस्तकांत पुरचुंडी हवीच, असं ती आजही ठामपणे सांगते.

1574 च्या सुमारास कॉन्स्टॅन्टिनोपलहून आलेला वेखंडाचा गड्डा क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने व्हिएन्नात लावला. तिथून ते युरोपभरच्या तळ्यांकाठी पसरलं, तेही बी न धरता. त्या वेखंडात गुणसूत्रांचे तीन संच असतात, म्हणून ते वांझ. म्हणजे तिथलं प्रत्येक बेट कुणीतरी तुकडा रोवल्यामुळे किंवा पाण्याने वाहून नेल्यामुळे उभं राहिलेलं. वाईच्या न्हाणीघराशी या हकिकतीचा काही संबंध नाही, तरी ती वाचल्यापासून तिच्या डोक्यातून जात नाही.

घरी आणलेली कुंडी तिने पसरट टबात रिकामी केली. गड्डा जमिनीत आडवा सरपटत वाढतो, म्हणून खोलीपेक्षा पसारा महत्त्वाचा. कोंब असलेले तुकडे चिखलात दोन इंच खोल दाबायचे, एकमेकांपासून वीतभर तरी लांब, आणि वर दोन बोटं पाणी कायम ठेवायचं. लावायला पावसाळ्याचं तोंड उत्तम. डास होऊ नयेत म्हणून पाण्यात गप्पी मासे सोडायचे. कणीस येतं तेही न्याहाळण्यासारखं: पानासारख्याच चपट्या दांड्याच्या कुशीतून हिरवट पिवळं बोट तिरकं बाहेर येतं. पूर्वी वेखंडाला अळू-सुरणाच्या कुळात घालत, आता त्याचं कूळ वेगळं मानतात.

कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या कोरटगेरेकडे शेतकरी भातासारखी चिखलणी करून वेखंड लावतात. पानं पिवळी पडू लागली की गड्डे खणून काढायचे, धुवायचे, तुकडे करून वाळवायचे आणि गोणपाटावर घासून वरची साल-मुळं काढायची. पुडीतली ती गुळगुळीत कांडी कुणाच्या तरी हातांनी अशी घासलेली असते, याचा तिने आजवर विचारच केला नव्हता. आता तिला काढणीच्या दिवसांत तिकडे जायचंय. चिखलात दिवसभर कोण उभं राहतं, बायका किती असतात आणि रोज काय पडतो, हे तिला त्यांनाच विचारायचंय.