पत्र नेमकं कोणाचं?

भाचीच्या अर्जातलं पहिलं वाक्य तिच्या आजीचं होतं : ‘पाऊस येऊन राह्यला.’ शाळेत बाईंनी ते खोडून ‘येत आहे’ केलं, तिथून तिला भाषेचं कुतूहल लागलं, असं काहीसं पुढे. मी ते वाक्य काढलं आणि तिथे भाषेचा तत्त्वज्ञ भर्तृहरी आणून बसवला. भाषाशास्त्र आणि तत्त्वज्ञान एकत्र शिकायचं म्हणते, तर एवढं वजन हवंच. (अमेरिकेत एमआयटीत तर दोहोंचा विभागच एक आहे, त्यांना अकोल्याच्या पावसाचं काय?) रात्री अकोल्याहून तिचा फोन. “मामा, हे दुसऱ्याच कोनी लिहिल्यावानी वाटून राह्यलं.”

तेव्हापासून रुक्मिणी आणि तिने कृष्णाला पाठवलेलं पत्र डोक्यातून जात नाही.

लहानपणी आई अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात न्यायची आणि दरवेळी सांगायची, “इथूनच नेलं कृष्णानं तिले.” कौंडिण्यपूर तिचं माहेर, म्हणजे बाहेर पडण्याचा पहिला अर्ज आमच्याच अमरावती जिल्ह्यातून गेला म्हणायचा. भागवताच्या दशम स्कंधात तो सात श्लोकांचा आहे. तुझे गुण ऐकले आणि मन तुझ्यावर जडलं, ही सुरुवात. मग सगळा व्यवहार : लग्न उद्यावर आलंय, आदल्या दिवशी नवरीने गावाबाहेर देवीला जायची रीत आहे, तिथून ने, म्हणजे माझे भाऊबंद मारावे लागणार नाहीत. इतका नेटका अर्ज मी दुसरा पाहिला नाही. पण द्वारकेत तो बोलून दाखवला निरोप घेऊन गेलेल्या ब्राह्मणाने. एवढ्या लांबच्या वाटेत त्याने एखादा शब्द सुधारला नसेल? तोही कोणाचा तरी मामा असेल तर?

याच लग्नावर नरेंद्र कवीने 1292 साली ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलं. रामदेवराव यादवाने म्हणे ते स्वतःच्या नावावर मागितलं, ओवीमागे सोन्याचं नाणं देऊ केलं. नरेंद्राने दिलं नाही. ही गोष्ट मी आजवर स्वाभिमानाची म्हणून सांगत आलो. आता वाटतं, राजाने निदान मागितलं तरी होतं. मी तर कोणी न मागता माझे शब्द पोरीच्या नावावर चढवले, आणि भर्तृहरी मीही धड वाचलेला नाही.

मग आजीचं वाक्य परत घालावं? तेही वाटतं तितकं सोपं नाही. अर्ज इंग्रजीत आहे, आणि इंग्रजीत ‘येऊन राह्यला’ काय नि ‘येत आहे’ काय, भाषांतर एकच होतं. ज्या फरकापायी ती हे शिकायला निघाली, तोच तिथे दिसत नाही. तो समजावायला चार ओळी घालाव्यात, तर पुन्हा माझाच हात लागणार. शिवाय आजीला विचारलं तर ती म्हणाली, “मी असं कवा म्हनलं?”

मुदत शुक्रवारी संपते. सध्या फायलीत दोन्ही वाक्यं आहेत, एकाखाली एक.